त्र्याण्णव

ख्रिसमसच्या चॉकलेटांचा रिकामा डबा.
झाकणावर मी मार्करने लिहिलं: त्र्याण्णव.
रोज एक पाकीट, पंधराचं, आठवड्याचे एकशेपाच,
त्यातून वेपच्या रसाचे बारा वजा.
क्लाइव्हने फोन काढून ताळा करून पाहिला,
"बरोबर आहे, लोरेन," म्हणाला बँकेच्या साहेबासारखा
आणि पुन्हा मॅच बघायला लागला.

दर शुक्रवारी वीसच्या चार, दहाची एक,
वर तीन नाणी.
सुरुवातीला डबा खुळखुळायचा.
महिन्याभरात नोटांखाली नाणी दबली, आवाज बंद झाला,
आणि मला उगीच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

मग जानेवारीत गॅसच्या मीटरने डब्यात हात घातला.
मग बहिणीच्या कायलचे शाळेचे बूट.
मग माझी ती निळी नळीच बिघडली
(ओढताना अजून लाज वाटते,
पोरानं शिटी धरावी तशी तोंडात धरते मी)
तर नवी घ्यावी लागली.
दात कोरून पोट भरत नाही, ठाऊक आहे.
पण कोरायला दातात काही अडकलेलं तरी लागतं ना.
आमच्याकडे पूर्वी तेवढंही नसायचं.

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, रात्रपाळीला,
सव्वीस वर्षं मी हॅडॉकचे काटे काढते.
दोन वाजता बारा मिनिटं सुट्टी.
एके काळी गेटाबाहेर आम्ही आठ जणी असायचो,
वाऱ्याकडे पाठ करून, एका लायटरवर.
आता दैवा एकटीच.
लिथुएनियाची. तंबाखू स्वतः वळते,
कागदाला जीभ लावताना डोळे मिटते.
सुट्टीत मी अजून तिच्याशेजारीच उभी राहते.
"तुझा टरबुजाचा धूर," ती म्हणते,
"लहान मुलाच्या वाढदिवसाला आल्यासारखं वाटतं."

मार्चमध्ये, एका मंगळवारी पहाटे,
बसमध्ये मला मासे आले.
कुणाच्या पिशवीत असतील म्हणून मागे वळून पाहिलं.
मागे एक म्हातारा आणि त्याचं कुत्रं,
आणि कुत्रं माझ्याकडेच बघत होतं.

घरी येऊन मी एकेक वस्तू हुंगत गेले.
बाही. मफलर. टॉवेल.
अंगठी काढून तिच्या आतली बाजू.
माझी उशी.
मग त्याची.

"तुला येत होता?"
क्लाइव्हने टोस्टला लोणी लावून संपवलं,
अगदी कडेपर्यंत, तो कधी लावत नाही तसं.
"धुराखाली फारसा कळायचा नाही," म्हणाला.
"हल्ली कळतो."
"मग बोलला का नाहीस?"
"बोलून काय? मासे सोडणार होतीस?"

कागदावर आम्ही सगळं मांडलं होतं,
रस, कॉइल, बूट, गॅससुद्धा.
नाक परत मिळेल हे कुठल्याच रकान्यात नव्हतं.
सव्वीस वर्षं लोक माझ्याशेजारी बसले,
दुकानात, डॉक्टरकडे, आईच्या अंत्यविधीला,
आणि कुणीही हूं की चूं केलं नाही.
ही माणुसकी की काय, मला अजून ठरवता येत नाही.

त्या रात्री दैवाला हात पुढे केला. "बघ."
तिनं विडी दुसऱ्या हातात घेतली,
माझे बोटं नाकाशी धरली, बराच वेळ.
"कसला वास?" म्हणाली. "मला काहीच नाही येत."
आणि माझा हात मला परत दिला,
उसना घेतलेला परत द्यावा तसा.

शुक्रवारी डब्यात ब्याऐंशीच टाकले.
अकरा पौंडांची लिंबं आणि साबण.
आत आता अकराशे चाळीस आहेत,
तेनेरिफेची दोन तिकिटं, हॉटेल सोडून.
मोजताना थांबले, एक नोट वर उचलली.
प्लास्टिकची, धुता येईल अशी.
तिलाही येतो.

क्लाइव्ह म्हणतो, तिकडे चालतील.
तिकडेही समुद्रच आहे.